वाटणीतली सायकल

बबनभाऊंच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच करंजाच्या झाडावरून एक कावळा उतरला, भातात चोच घातली आणि पुलाच्या दिशेने निघूनही गेला. टाकवे बुद्रुकच्या नदीकाठी जमलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. दहाव्याला येताना माणूस ताटकळायची तयारी ठेवूनच येतो. गेलेल्याच्या मनात काही राहिलेलं असेल तर कावळा जवळ फिरकत नाही, मग एकेक नातेवाईक हात जोडून पुढे होतो, "पोरांकडं बगतो", "घर मोडू देनार न्हाई" असं काय काय कबूल करतो, आणि तोवर ऊन डोक्यावर येतं. इथे कुणाला तोंड उघडायलाही वाव मिळाला नाही. "काय राह्यलं न्हवतं मानसाचं," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, आणि लोक चपला शोधायला लागले.

मला रडू आलं नाही. स्कूटर काढली, कान्हे फाट्यावर पेट्रोल भरलं, कामशेतला चांगली मेथी दिसली म्हणून दोन जुड्या घेतल्या. वलवणला घरी पोचले तर आमच्या ह्यांनी विचारलं, "ठीक आहेस ना?" म्हटलं, "काही वाटतच नाहीये." बोलून गेले आणि मग लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही, बबनभाऊंचं आहे. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसले.

बबनभाऊ आमच्या हॉटेलचं स्टोअर सांभाळायचे. हॉटेल कुसगावात, लोणावळ्याला अगदी खेटून. मी तिथे रिसेप्शनला. भाऊ पन्नाशी उलटलेले, बुटके, अंगाने काटक. चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. स्टोअर म्हणजे जिन्याखालची खोली. त्या खोलीत गेलेली वस्तू कधी ना कधी बाहेर यायची, पण नाहीशी व्हायची नाही. तुटक्या नळाची मूठ, पडद्याच्या कड्या, वाकडे खिळे, करपलेलं हीटर, सगळ्यांना एकच आशीर्वाद: "राहू द्या, लागंल." पाहुण्यांच्या विसरलेल्या एकेकट्या चपलांचं तर एक पोतंच होतं. एकदा साफसफाईच्या वेळी मी वैतागले. म्हटलं, "भाऊ, एका चपलेचं काय लोणचं घालायचंय?"

"दुसरी गावंल की कवातरी," ते शांतपणे म्हणाले. "ती आली आन् ही नसली, तर मंग?"

मी पोतं सोडून दिलं.

"कसं काय भाऊ?" याला त्यांचं एकच उत्तर: "चाललंय." मुलीचं लग्न ठरलं तेव्हा चाललंय, मुतखड्याने लोळत होते तेव्हाही चाललंय. त्यांच्या तोंडावरून काही कळायचं नाही. पण त्यांच्या एका खोडीवरून मी त्यांच्याशी चांगली भांडले होते, तेही पहिल्याच वर्षी. धो धो पाऊस पडत होता, ते छत्री मोडल्यामुळे भिजत चालले होते, मी स्कूटर थांबवली. म्हटलं, "बसा, बाजारापर्यंत सोडते." म्हणाले, "न्हाई. मी मागं बसत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाईच्या मागे बसायला कमीपणा वाटतो होय! "मग भिजा," म्हणून मी सरळ निघून आले. दुसऱ्या दिवशी वॉचमनने माझा गैरसमज दूर केला. भाऊ कुणाच्याच मागे बसत नाहीत. मालकाच्या बुलेटवर नाही, स्वतःच्या जावयाच्या गाडीवर नाही. जीपमध्ये तर चक्क दार उघडून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसायचे आणि मॅनेजरला गुमान मागच्या बाकावर बसावं लागायचं. मॅनेजर सुरुवातीला धुसफुसला, मग त्यालाही सवय झाली. का बसत नाहीत, हे विचारायची सोय नव्हती. उत्तर ठरलेलं, चाललंय.

ते मला कळलं शालनवहिनींकडून, म्हणजे भाऊंच्या बायकोकडून. हॉटेलच्या मागच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तर भिंतीवर, देवाच्या फोटोंच्या रांगेतच, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं गोल टांगलेलं. पितळेची परात बिरात जपून ठेवली असेल असं मला वाटलं.

"परात कसली! सायकलीचं चाक हाये," वहिनी म्हणाल्या. "आन् दुसरं तितं पत्र्यावर. त्येच्यावर म्या दोडक्याचा वेल चढवलाय."

"आणि सायकल?"

"ती टाकव्याला. मोट्या दिरांकडं." वहिनींनी आत चहा गाळणाऱ्या भाऊंकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "वाटनीत आली न्हवं!"

अशी ती हकीकत. टाकव्याला दोघे भाऊ, थोरला किसन, धाकटे बबन. किसनआबांनी तरुणपणी एक काळी, डांड्याची, भक्कम सायकल घेतली होती. आबा चालवायचे, बबन कॅरिअरवर. शाळेला कान्ह्याला जायचं तर कॅरिअरवर, वडगावच्या बाजाराला कॅरिअरवर, पुढे कंपनीत दोघं लागले तेव्हाही स्टेशनपर्यंत कॅरिअरवरच. दोन्ही हातांनी आबांचा शर्ट मागून धरायचा अशी बबनला लहानपणापासूनची सवय. मिशा फुटल्या तरी सुटली नाही, गाव हसायचं. मग लग्नं झाली, आणि रस्त्याकडेच्या जमिनीला गिऱ्हाईक फिरायला लागलं. बबनला आपला तुकडा विकून लोणावळ्यात खोली घ्यायची होती. आबा म्हणाले, आईबापाची जमीन विकायची नाही. मावळात हे घरोघरी झालंय, त्यात नवं काही नाही. चार माणसं वाटणीला बसली. भांडी झाली, बैल झाले. शेवटी गोठ्यातली सायकल राहिली. ती कुणाची?

तेव्हा किसनआबा चारचौघांत बोलून गेले, "ह्यो माज्या क्यारिअरवर बसून मोटा झाला. ह्येला काय म्हाईत रस्ता कुटं जातो त्यो?"

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. बबन उठले, गोठ्यात गेले, पान्हा घेतला आणि सगळ्यांच्या देखत सायकलीची दोन्ही चाकं काढली. म्हणाले, "निम्मी माजी." मग कॅरिअर काढलं. ते मात्र घरी नेलं नाही. नदीवरच्या पुलावर गेले आणि इंद्रायणीत भिरकावलं. चाकं दोन खांद्यांवर घेऊन लोणावळ्याला आले ते आलेच. आबांकडे सांगाडा, यांच्याकडे चाकं. सायकल कुणाचीच नाही. जन्मभर दोघं पायी चालले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

"आन् माजा मानूस वस्तू जपून ठिवतो म्हून तुमी हसता," वहिनी म्हणाल्या. मी तिळगूळ घेतला. हसायचं ते आधीच हसून झालं होतं.

किसनआबा गेले ते झोपेत, काही दुखणं-खुपणं नसताना. भाऊ दहाव्याहून परत आले आणि तडक स्टोअरमध्ये जाऊन बसले, डोक्याचा गोटा, अंगात तोच शर्ट. मी चहा घेऊन गेले. ते खिळे सरळ करत होते. खिळा फरशीवर धरायचा, हातोडीने टकटक करायचं, डब्यात टाकायचा.

"कावळा शिवला न्हाई," ते न विचारताच म्हणाले.

मी स्टुलावर बसले.

"समदे बोलले. पोरगं म्हनालं, आईला बगतो. जावई बोलले. भावकी बोलली, जमीन इकू देनार न्हाई. कावळे बसलेत वर, हे एवढाले, पन एक उतरंना. मंग समदे माज्याकडं बगाया लागले." टकटक. "माज्या तोंडात व्हतं, मॅडम. काय बोलायचं त्ये मला म्हाईत व्हतं. एवडंसं वाक्य. भावकीम्होरं न्हाई बोलवलं."

"मग?"

"मंग काय. भटजीनं दर्भाचा कावळा केला, त्यो शिववला, आन् उटले समदे." हातोडी थांबली. "मी हे मानीत न्हाई बरं का. पाखरू त्ये पाखरू, त्येला काय कळतंय. पन नाय बोललो, त्ये तर खरं हाय न्हवं?"

मी विचारलं, काय बोलायचं होतं. म्हणाले, "व्हतं एक." मग बराच वेळ टकटक. मी उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "मला काय वाटत न्हाई बगा. खरंच काय वाटत न्हाई. दात काडायच्या आदी सुई देत्यात तसं झालंय. समदा जबडा दगड. आन् तुमी समदी मला इचारताय, दुकतंय का, दुकतंय का."

माणसाचं असं ऐकलं की काहीतरी धीराचं बोलावं असं वाटतं. चहा गार झाला होता, तो घेऊन मी परत आले आणि पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देत बसले.

पंधरवडा गेला असेल. दुधाच्या टेम्पोतून भाऊंनी सायकलीचा सांगाडा उतरवला. हौसावहिनींनी, म्हणजे किसनआबांच्या बायकोने, बोलावून दिला होता. "गोट्यात टांगलेलं हाय, आता बगवत न्हाई, घ्यून जा," म्हणाल्या. जनरेटरच्या खोलीमागे भाऊंनी तो भिंतीला टेकवला आणि मला हाक मारली. मी म्हटलं, गंजून चाळण झाली असेल. तर नाही. रंग उडाला होता, पण चेन चकचकीत. बोट लावलं तर तेल लागलं. हँडलला झेंडूच्या हाराचा वाळका दोरा, त्याखाली आणखी जुना दोरा, त्याखाली आणखी. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर आबा त्या बिनचाकाच्या सायकलीला तेलपाणी करायचे, हळदकुंकू लावायचे, हार घालायचे. दसरा संपला की हार काढायचे, दोरा तसाच ठेवायचे.

भाऊंनी ते दोरे एकेक करून बघितले. कापले नाहीत. म्हणाले, "वर्सश्राद्धाला घ्यून जानार. चालवत. आबाच्या दारात हुबी करनार आन् बोलून टाकनार. त्याच्याबिगर सुटका न्हाई."

"तुम्ही शेवटची सायकल कधी चालवली होती?"

"मी?" त्यांनी जरा विचार केला. "लय न्हाई चालवली. मागं बसायचो न्हवं."

झालं! म्हणजे सायकल जोडायची, ती चालवायला शिकायची आणि लोणावळ्याहून टाकव्यापर्यंत न्यायची. म्हटलं, "भाऊ, टेम्पोत घालून न्या, बाहेर फाट्यावर उतरा आणि तिथून बसा. कोण बघतंय?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही बघितलं की मी जीभ चावली.

बाजारातल्या सायकलवाल्याने सांगाडा बघूनच हात जोडले. भाऊ, यात जीव घालण्यापेक्षा नवी घ्या. भाऊंनी तिथून फक्त टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर घेतले. बाकी सगळं स्टोअरने पुरवलं. आता कळलं मला "राहू द्या, लागंल" म्हणजे काय. फेकायला काढलेल्या सोफ्याच्या रेक्झिनमधून सीटला खोळ शिवली. बागेच्या फाटक्या पाइपाचे तुकडे गरम पाण्यात भिजवून हँडलच्या मुठी केल्या. आमच्या मॅनेजरने एकदा पाहुण्यांसाठी म्हणून रंगीबेरंगी गिअरच्या सायकली आणल्या होत्या, त्या पहिल्याच पावसाळ्यात गंजून जनरेटरमागे पडल्या होत्या. त्यांच्यातून ब्रेकच्या तारा, घंटी, मडगार्डाचे स्क्रू असं काढायची परवानगी भाऊंनी मागून घेतली. मॅनेजर म्हणाला, "घ्या, पण काही बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका."

सगळं काही जमलं असं नाही. भाऊंचा हात स्टोअरचा, मेकॅनिकचा नव्हे. दोन्ही पायडलं उलटसुलट बसवली, जबरदस्तीने, आटे खाऊन. चालता चालता एक पायडल निघून वॉचमनच्या पायाशी जाऊन पडलं. भिंतीवरचं चाक सुस्थितीत होतं, पण पत्र्यावरच्या चाकाला वहिनी हात लावू देईनात. वेल फुलावर आलेला. "दोडकी उतरल्याबिगर चाक मिळनार न्हाई," त्यांनी ठणकावलं. "माज्या दिराला घाई न्हाई, तुमालाच का?" मग भाऊ रोज सकाळी वर चढून दोडकी बघायचे. आमच्या स्टाफच्या डब्यात तेव्हा सतत दोडक्याची भाजी.

आणि कॅरिअर. कॅरिअरवरून तर त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला. पाहुण्यांच्या सायकलींना हलकीशी कॅरिअर होती, ती त्यांनी हाताने वाकवून दाखवली. "ह्याच्यावं मानूस बसंल का?"

"अहो, कोण बसणार आहे?" मी म्हटलं. "उगाच वजन. नका लावू."

"म्या न्हाई बसायची बाई," शालनवहिनी लगेच म्हणाल्या.

"क्यारिअर पायजेल," एवढंच ते म्हणाले. मळवली, कामशेत, वडगाव, जिथे म्हणून जुनी सायकल उभी दिसेल तिथे थांबून मालकाला विचारायचे. लोकांना वाटायचं माणूस सरकलाय. शेवटी कार्ल्याजवळच्या एका दूधवाल्याकडे मिळालं, जाड सळईचं, कॅन बांधून बांधून झिजलेलं. दूधवाल्याने पिशवीभर दोडकी घेतली आणि ते काढून दिलं. भाऊंनी ते सायकलीला बसवून त्यावर हॉटेलच्या स्वयंपाक्याला बसवलं, जो आमच्यात सगळ्यात वजनदार. कॅरिअर हललं नाही. त्या दिवशी त्यांनी कुणी न विचारताच "चाललंय" म्हटलं.

शिकायचं काम दुपारी, पाहुणे खोल्या सोडून गेले की पार्किंगमध्ये. पाय विसरत नाहीत म्हणतात. भाऊंचे पाय साफ विसरले होते. दोनदा बोगनवेलीत गेले. एकदा नव्या जोडप्याच्या गाडीला घासता घासता वाचले, आणि त्या पोरीने "काका, यू कॅन डू इट!" म्हणून टाळ्या वाजवल्या. भाऊ तिच्याकडे न बघता उठले, पँट झटकली, परत चढले. खरचटलेल्या कोपरावर मी औषध लावत होते, ते हात पुढे करून भलतीकडेच बघत होते. "झोंबतंय का?" विचारलं तर म्हणाले, "झोंबलं आस्तं तर बरं झालं आस्तं." पुढे वलवणच्या रस्त्यावर सकाळी फेऱ्या मारायला लागले. मी दारातून बघायची. ताठ बसून, हँडल घट्ट धरून, चेहऱ्यावर काही नाही. आनंद होत नव्हता त्यांना. अंगावर पडलेलं काम पुरं करावं तसं ते सायकल चालवत होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ते पहाटे अंधारातच निघाले. उजाडल्यावर, शालनवहिनींना मागे घेऊन, मी स्कूटरवर निघाले. वहिनींच्या मांडीवर खिरीचा डबा. कामशेतच्या चढाला भाऊ दिसले. उतरून सायकल ढकलत होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मी थांबले.

"तुमी व्हा म्होरं," धापा टाकत म्हणाले. "भटजीला म्हनावं, पान ठिवू नका मी येस्तवर."

आम्ही टाकव्याला पोचलो, निरोप दिला. पण भटजींना अजून दोन घरं करायची होती. ऊन वाढलं, पाव्हणे कंटाळले, आणि शेवटी हौसावहिनी म्हणाल्या, "ठिवू द्या. यायला लागल्यात ते." किसनआबांच्या मुलाने गोठ्याच्या कौलावर पान ठेवलं. सगळे मागे सरले. आणि तोच एक कावळा आला, कौलावर ऐटीत चालत गेला आणि पानातला वडा उचलला.

"आरं, थांब की मुडद्या!" शालनवहिनी त्याच्या अंगावर ओरडल्या. "माजा मानूस यायचाय अजून!"

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला. कावळ्याने मग दुसरा वडाही नेला.

भाऊ आले तेव्हा पंगत बसत होती. गल्लीतून घंटी वाजवत आले, शेवटचा टप्पा पायडल मारतच. दारात उतरले. गुडघ्याला माती होती, म्हणजे वाटेत पडले असणार. सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग कौलाकडे. पान उलटं होऊन पडलं होतं.

"शिवला?"

"शिवला, काका," पुतण्या आनंदाने म्हणाला. "लगेच शिवला."

"कवा?"

"झाला की तास."

भाऊ सायकल धरून उभेच. मला वाटलं, आता चिडतील, भटजींना काहीतरी बोलतील. नाही. चेहरा तसाच, वर्षभर होता तसा. "मंग काय," ते म्हणाले. "मंग म्या कशापायी आलो?" एवढ्या हळू म्हणाले की जवळ असल्यामुळे मलाच ऐकू आलं असेल. त्यांचं ते वाक्य ज्याच्यासाठी राखून ठेवलं होतं, तो वडे घेऊन उडून गेला होता. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली आणि भटजींचा भयंकर राग आला.

हौसावहिनी पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. चेन बघितली, सीट बघितली, हँडलवरचे दोरे बघितले. मग कॅरिअरवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"त्यांचं काय राह्यलं नसंल, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमचं राह्यलंय न्हवं? गोट्यात न्या. त्यांची जागा तिच हाय." आणि आत पानं वाढायला निघून गेल्या.

माणसं जेवायला बसली. मी हात धुवायला मागच्या दाराने बाहेर आले, तिथून गोठा समोर दिसतो. भाऊंनी सायकल स्टँडवर लावली होती, तोंड रस्त्याकडे. मग पाय टाकून बसले. सीटवर नव्हे. कॅरिअरवर. कुणाच्याही मागे न बसणारा तो माणूस रिकाम्या सीटच्या मागे बसला, पाय दोन्हीकडे लोंबत सोडून, आणि दोन्ही हातांनी त्याने समोरची रेक्झिनची खोळ मुठीत धरली, शर्ट धरावा तशी.

"आबा," ते म्हणाले, "चल. तू चालव. म्या मागं बसतो."

आणि मग बबनभाऊ रडले. मोठ्याने, पोरासारखे, नाक वाहेपर्यंत. सायकल हलत होती, स्टँड कुरकुरत होता, घंटी आपोआप किणकिणत होती. मी हात ओले तसेच धरून उभी राहिले. आत आवाज गेला असणार, कारण बोलणं थांबलं होतं, पण बाहेर कुणी आलं नाही.

त्या दिवशी ते लोणावळ्याला परत आले नाहीत, पुढेही नाही. स्टोअरच्या किल्ल्या माझ्याच पर्समधून हॉटेलवर परत गेल्या. फोन केला की "चाललंय" म्हणायचे, पण मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. त्या दुपारी ते कॅरिअरवर बसलेले असताना, थोड्या वेळाने हौसावहिनींनी दारातून हाक मारली होती, "भावजी, पान वाढलंय."

"आलो, वयनी," ते म्हणाले. पण उतरले नाहीत.